दोन बोटं पाऊस

२८ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी साडेआठला नोंद घेतली. कमाल ३०.४, किमान २२.१, आर्द्रता ८६, पाऊस निरंक. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यातून अंगणातल्या कडुलिंबाची पानं आणि दोन काड्या काढल्या. हल्ली हे रोजचंच झालं आहे.

नऊला दूध केंद्राच्या फळ्यावर आकडे लिहायला गेलो. कालचे पुसायला डस्टर उचललं आणि हात थांबला. 'पाऊस ११ मि.मी.' या माझ्या ओळीखाली कुणीतरी खडूनं लिहिलं होतं, 'म्हणजे किती बोटं?'

एकतीस वर्षं मी या फळ्यावर लिहितो आहे. पिंपळीच्या शाळेत भूगोल शिकवत होतो तेव्हा शाळेनं जुना पर्जन्यमापक मोडीत काढला. तो मी मोटारसायकलला बांधून इंदापूर तालुक्यातल्या आमच्या या गावात आणला आणि अंगणात बसवला. तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही. धाकट्या भावाच्या लग्नादिवशीसुद्धा आधी नोंद घेतली, मग फेटा बांधला. निवृत्त झालो तरी गाव मला गुरुजीच म्हणतं आणि पावसाचं विचारायला माझ्याकडे येतं. येत होतं, असं लिहायला हवं.

बोटं म्हणजे सारजाची बोटं. माझ्या बायकोची. ओळ पुसली, नवे आकडे लिहिले आणि घरी आलो.

३१ ऑगस्ट, रविवार

ही वही माझी आहे आणि कपाटात असते, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. मला पोटात दुखतं. सख्ख्या बायकोबद्दल दुखतं.

सारजा मोरगावची. तिकडं सगळं जिरायत. तिचे वडील गेणबा पाऊस मोजायचे ते पत्र्याच्या एका गोल डब्यात. डबा उघड्यावर ठेवायचा, सकाळी त्यात कडब्याची काडी उभी धरायची, ओली झालेली काडी बोटांच्या रुंदीनं मोजायची. एक बोट, दोन बोटं. लग्नात भांड्यांबरोबर तो डबाही आमच्याकडे आला. गोठ्यापलीकडच्या खळ्यावर एका सपाट दगडावर तो असतो. आता तिथं मळणी होत नाही, पण जागा चहूबाजूंनी मोकळी आहे. मी त्या डब्याकडे कधी लक्ष दिलं नाही. बोट नावाचं एकक शास्त्रात नाही.

मागच्या वर्षी बचत गटातल्या छबूबाईनं तिला मोबाइलवर बोलून निरोप पाठवायला शिकवलं आणि तिथून सगळं सुरू झालं. आता रोज सकाळी चुलीपुढं बसून बोलते. आजचा निरोप मी मोरीत तोंड धुताना ऐकला. "राम राम मंडळी. रातच्याला पाऊस शिंतोडाच हाय, बोटभर बी न्हाय. रानात वाफसा हाय तवर खुरपून घ्या. मावळतीला भरून आलंय, तवा डाळिंबवाल्यांनी दुपारच्या आत फवारा." एवढंच. ना तापमान, ना आर्द्रता. अडीचशे माणसं ऐकतात. माझा फळा दूध घालायला येणारे चाळीसजण बघतात, त्यातले निम्मे मोबाइलमध्ये मान घालून.

संध्याकाळी अविराज आला. माझा विद्यार्थी, बत्तीस वर्षांचा. बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात पाळीवर जातो. आमच्या बांधाला लागून त्याची एकरभर डाळिंबाची बाग आहे. बारामतीतच खोली घेऊन राहतो, त्यामुळे इकडं पाऊस किती झाला ते त्याला कुणीतरी सांगावं लागतं. दोन बोटं झाला की रजा टाकून येतो आणि तेल्या रोग पडायच्या आत फवारतो.

"काकू हायत का?" त्यानं विचारलं.

"पावसाचं विचारायचं असेल तर मी आहे."

"न्हाय गुरुजी, तुमास्नी कशाला तरास. काकूच सांगत्यात मला."

त्रास म्हणे. मी याला पाचवीपासून पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवला. सह्याद्री ढग अडवतो, पाणी तिकडं सांडतं, आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं, हे याच्या डोक्यात मी घातलं. आणि हा काकूंना विचारतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज शिक्षक दिन. दोन विद्यार्थ्यांचे फोन आले, बरं वाटलं.

दुपारी पाकीट आलं. बारामतीच्या एका शेतकी कॉलेजात बारा ऑक्टोबरला 'आपला पाऊस, आपल्या नोंदी' असा कार्यक्रम आहे. माझ्या एकतीस वर्षांच्या नोंदी मांडायला मला बोलावलं आहे. हे मी जुलैपासून जाणून होतो, राजनंदिनी नावाच्या तिथल्या प्राध्यापिकेशी दोनदा फोनवर बोललो होतो. छापील पत्रिका मात्र आज पाहिली. पहिलं नाव सौ. सारजा मोहनराव, विषय 'डब्यातला पाऊस'. दुसरं नाव माझं.

सारजाला पत्रिका दाखवली. तिनं चष्मा लावून वाचली आणि म्हणाली, "माजं कशाला घातलंय वं? मला काय बोलाया येतंय?" आणि पत्रिका देवापुढं नेऊन ठेवली. देवापुढं. म्हणजे आनंद झालाच की.

मी म्हणालो, नावं अकारविल्हे लावत असतील. नंतर लक्षात आलं, तसं असतं तर माझ्या मोहनरावाचा 'म' आधी आला असता.

८ सप्टेंबर, सोमवार

आलेख पुरा केला. तीन दिवस लागले. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्यावर पाऊस. रेघ डावीकडून उजवीकडे उतरत जाते. माझा निष्कर्ष असा की आमच्या गावचा पाऊस एकतीस वर्षांत एक तृतीयांशानं घटला. आज ऊन, उद्या ढग, ही नुसती हवा. ती कुणीही सांगेल, बोटानंसुद्धा. हवामान कळायला तीस वर्षांची सरासरी लागते आणि त्यासाठी रोज साडेआठला उठून उभं राहणारा माणूस लागतो. हे वाक्य भाषणाच्या सुरुवातीलाच घ्यायचं ठरवलं आहे.

सारजा चहा घेऊन आली, आलेखाकडे बराच वेळ बघत राहिली.

"पाऊस कमी झाला म्हंताय? हितं?"

"आकडे म्हणतात."

"मंग वढ्याला पाणी तेवढंच कसं येतंय?"

तिला सांगितलं, ओढ्याचं पाणी वरच्या गावांतून येतं, त्याचा इथल्या पावसाशी थेट संबंध जोडता येत नाही. ती खिडकीतून अंगणात बघत होती. म्हणाली, "त्यो लिंब जरा छाटून घ्या की. किती वर्सं सांगतीय."

विषय बदलायची तिला सवयच आहे. लिंब मी लावलेला आहे, शहाण्णव साली, या हातानं. एप्रिलच्या उन्हात त्याच्या सावलीत उभं राहून नोंद घेता येते, वहीवर ऊन येत नाही. छाटायचा कशाला?

१४ सप्टेंबर, रविवार

आज एक गोष्ट केली. लिहू की नको असं दोनदा झालं. लिहितो.

दुपारी बचत गटातली सिंधुबाई आणि आणखी चौघीजणी आल्या होत्या. सारजाला बारामतीला कोणती साडी नेसायची ते ठरवत होत्या. मला पाणी आणायला सांगितलं. आणलं. सिंधुबाई म्हणाली, "गुरुजी, आता तुमी काकूंचं शिपाई." सगळ्या हसल्या. सारजासुद्धा हसली. तिचं हसणं लागलं मला.

पाचच्या सुमारास खळ्यावर गेलो. डबा रिकामा होता. पालथा घातला, बुडाला एक बारीक खिळा लावला आणि दगडानं एक ठोका दिला. टाचणीच्या डोक्याएवढं भोक. डबा होता तसा दगडावर ठेवला.

मनाला असं सांगितलं की ही परीक्षा आहे. साधन बरोबर आहे का, हे निरीक्षकानं रोज तपासायला हवं. सारजा तपासते का, तेवढं बघायचं. आता हे लिहून वाचलं तर मलाच पटत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

पाऊस ३५ मि.मी.

रात्री गडगडाटी झाला. दिवसभर तापलेली हवा वर चढली आणि थंड होऊन कोसळली, नेहमीचा आरोह पाऊस. दोनला थांबला.

आज सारजाच्या आईची अविधवा नवमी, म्हणून ती पहाटेच्या एसटीनं मोरगावला गेली. अंधारातच बॅटरी लावून डबा बघितला आणि निघता निघता निरोप बोलून पाठवला. "पाऊस अर्धं बोट हाय. फवारायची गडबड करू नका." एवढा गडगडाट होऊन अर्धं बोट, पण एसटी गाठायची होती, तिनं डब्यावर विश्वास ठेवला.

साडेआठला माझ्या मापात पस्तीस मिलिमीटर. म्हणजे तिच्या हिशेबानं साधारण दोन बोटं. नऊला फळ्यावर लिहिलं. गावातल्यांनी आपापल्या बागेत पाय घातला, पाय रुतला, आणि त्यांनी पंप काढले. ज्याचं रान समोर आहे त्याला माझीही गरज नाही आणि तिचीही.

अविराजचं रान समोर नाही.

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. दहाला मोबाइल हातात घेतला होता. मग वाटलं, त्यानं मला विचारलं कुठं? गेलं वर्षभर एकदा तरी विचारलं? न विचारता सांगायला मी कशाला जाऊ. मोबाइल ठेवला. दुपारी झोप लागली नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पाऊस निरंक. ऊन आणि उकाडा. दमट.

सारजा काल दिवे लागायला परत आली. चप्पल काढायच्या आधी वाकून अंगणातल्या मातीत बोट घातलं, मग पिशवी ओट्यावर टाकून खळ्याकडे गेली. बराच वेळ आली नाही. आल्यावर अविराजला फोन लावला. तो दुसऱ्या पाळीत होता, उचलला नाही. त्यानं उलटा फोन केला तो आज सकाळी, तोवर फवारायची वेळ निघून गेली होती.

मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "डबा गळका झालाय. जुना हाय." डांबराचा एक ठिपका लावून तिनं तो पुन्हा दगडावर ठेवला.

सुटलो, असं वाटलं. तेही लिहून ठेवतो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

अविराजच्या बागेत तेल्या आला.

सकाळी बांधावरून बघितलं. पानांवर तेलकट काळे डाग, फळांवरही, काही फळं उकलली आहेत. सुपारीएवढी होती तेव्हापासून मी ती बघत होतो, आता मुठीएवढी झाली होती. शेजारच्या दोन्ही बागा स्वच्छ आहेत. त्यांनी पंधरा तारखेला फवारलं होतं.

अविराज रोगट फळं तोडून टोपलीत टाकत होता. मला बघून म्हणाला, "गुरुजी, सरळ बागंच्या खालच्या टोकापर्यंत गेलंय." आवाज साधाच होता. मी टोपली उचलायला लागलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, कपडे खराब हुतील."

सारजा त्याच्याकडे दुपारभर होती. फळं पुरायला खड्डा घेतला दोघांनी.

२५ सप्टेंबर, गुरुवार

प्रा. राजनंदिनी आल्या. पस्तिशीच्या असतील, बोलायला नम्र. कार्यक्रमाआधी सगळ्यांची साधनं बघून घेत आहेत. एकतीस वह्या मी ओट्यावर ओळीनं मांडल्या होत्या. त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, "सर, एवढी सलग नोंद मी कुणाकडे पाहिली नाही." सारजा दारात उभी होती. तिनं ऐकलं याचा मला आनंद झाला.

मग त्या अंगणात गेल्या. पर्जन्यमापकाजवळ उभ्या राहिल्या आणि वर बघितलं. मीही वर बघितलं. आभाळ दिसत नव्हतं. लिंबाच्या फांद्या दिसत होत्या.

"सर, हे झाड किती उंच असेल?"

पुढचा प्रश्न मला पाठ होता. सहावीच्या प्रत्येक वर्गाला मी तो फळ्यावर लिहून दिला आहे. पर्जन्यमापकाजवळ भिंत किंवा झाड असेल तर ते आपल्या उंचीच्या दुप्पट तरी लांब असावं. लिंब पस्तीस फूट तरी आहे. पर्जन्यमापक त्याच्यापासून बारा फुटांवर.

शहाण्णव साली तो माझ्या गुडघ्याला लागत होता. रोज बघत होतो म्हणून वाढलेला दिसला नाही.

त्या जाताना म्हणाल्या, "आकडे चुकीचे नाहीत सर, जागा..." आणि थांबल्या. चहा न घेता गेल्या.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

नोंद घेतली नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

माझी उतरती रेघ पावसाची नव्हती. लिंब जसा वर गेला तशी ती खाली आली. पाऊस कमी झाला म्हणून मी चार सभांत बोललो, लोकांना विहिरी बघायला लावल्या. बारामतीला फोन करून येत नाही म्हणून सांगावं, असं दिवसभर मनात होतं.

संध्याकाळी सारजानं पलंगाखालून सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा ओढला आणि माझ्यापुढं ठेवला. जुनी कॅलेंडरं. दर दिवसाच्या चौकटीत दूध किती लिटर ते, कुठं गाय फळल्याची तारीख, कुठं वासरू. गाईंची वंशावळ कळावी म्हणून ती जपून ठेवते, हे मला माहीत होतं. चौकटीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आणखी काहीतरी होतं. '१ बो', 'अर्धं', '३ बो'.

"कधीपासून लिहितेस हे?"

"तुमी माप आणलं तवापासून. तुमी लिवताय मंग मी बी लिवावं म्हणलं." मग म्हणाली, "बगा काय उपेग हुतोय का."

उपयोग होणार हे मला दिसतच होतं. खळं मोकळं आहे. डब्याचं तोंड आणि बूड सारखं आहे, आणि तसा डबा असेल तर तो केवढाही असू दे, पाण्याची उंची तीच येते. हेही मी शिकवलेलं आहे. तिनं केलं. एवढं होऊनही माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? शेवटी बारामतीला हिचंच बरोबर ठरणार.

५ ऑक्टोबर, रविवार

नऊ दिवस कॅलेंडरं वाचतो आहे. बोटांचे मिलिमीटर करायचे तर एक बोट म्हणजे किती ते कळायला हवं. आज पट्टी घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

"हात दे."

"पिठाचं हायत."

"असू दे."

तिचं मधलं बोट पट्टीवर आडवं ठेवलं. अठरा मिलिमीटर. तीनदा मोजलं. ती हसायला लागली. म्हणाली, "आन् लिवाया लागले तवा बारीक व्हतं की. मंग त्या सालचा पाऊस कमी धरायचा का?"

हा प्रश्न शास्त्राला धरून होता. जुनी बांगडी काढून बघितली, अंदाजानं एक मिलिमीटर कमी धरला. अडतीस वर्षांच्या संसारात मी तिचा हात एवढा वेळ कधी धरला असेन असं आठवत नाही. बोटाला चुलीचा जुना चटका आहे. तो कधीचा, ते विचारलं नाही.

उत्तर आलं. लिंब लहान होता तोवर तिचे आकडे आणि माझे आकडे जवळजवळ एकच. मग दरवर्षी थोडी थोडी फट. तिच्या हिशेबानं वर्षाचा पाऊस होता तेवढाच आहे. बदललं आहे ते वेगळंच. आधी तो पन्नासेक दिवसांत पडायचा, आता तीस दिवसांत पडतो. अर्ध्या-अर्ध्या बोटाच्या चौकटी कमी झाल्या, तीन-चार बोटांच्या वाढल्या. मधले दिवस कोरडे. हे माझ्या वहीतही असणार, पण मी फक्त बेरीज बघत होतो.

शेवटी भिंतीवरचं चालू कॅलेंडर राहिलं होतं. सप्टेंबरचं पान उलटलं. पंधरा तारखेच्या चौकटीत दुधाखाली लिहिलं होतं, '३ बो, वलीवरून धरलं. डब्याला भोक. खिळा.'

ती माझ्यामागे भाकऱ्या थापत होती. थापायचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी पान होतं तसं ठेवलं. तिला माहीत होतं. वीस दिवस तिला माहीत होतं आणि ती मला दोन वेळा जेवायला वाढत होती.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी एसटीनं बारामती. सारजानं मोरपंखी साडी नेसली होती. हॉल भरलेला.

ती आधी बोलली, चार-पाच मिनिटं. डबा हातात धरून. "माजा बा म्हणायचा, आभाळ सगळ्यांचं हाय, पर मोजलं तर आपलं. म्या मोजलं. एवढंच." टाळ्या बराच वेळ वाजल्या. ऐकताना पोटात तीच जुनी कळ आली, खोटं कशाला लिहू.

मी आलेख लावला, शेजारी या सप्टेंबरच्या रोजच्या आकड्यांचा तक्ता. दोन रेघा. उतरती माझी, सरळ चालणारी तिची. लिंबाचं सांगितलं. भूगोलाच्या मास्तरानं आपल्याच अंगणातलं झाड बघितलं नाही, म्हणालो. लोक हसले, पण चांगलं हसले. पावसाचे दिवस कमी झाल्याचं सांगितलं तेव्हा बऱ्याच माना हलल्या, कारण ते त्यांनाही जाणवलेलं होतं.

शेवटी राजनंदिनीबाईंनी विचारलं, "सर, पंधरा सप्टेंबरच्या आकड्याभोवती गोल का केला आहे?"

डबा गळका होता, असं म्हणून सुटता आलं असतं. सारजा पहिल्या रांगेत होती, तिनं मान खाली घातली. मागच्या भिंतीशी अविराज उभा होता, हातात हेल्मेट. रात्रपाळी करून तसाच काकूंना ऐकायला आला होता.

"त्या रात्रीचा आकडा अंदाजे आहे," मी म्हणालो. "डब्याला भोक होतं. ते मी पाडलं होतं, खिळ्यानं. लोक हिला विचारत होते आणि मला विचारत नव्हते, म्हणून."

मी खाली उतरून बसलो.

अविराज मला मोटारसायकलींच्या रांगेपाशी भेटला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "काकूंनी मला सांगितलं व्हतं, 'डबा गळका, माज्या ध्यानात आलं न्हाय, चूक माजी.'" आणि मग, "भोकाचं सोडा गुरुजी. तुमच्या मापात किती व्हता त्या सकाळी?"

"पस्तीस."

"दोन बोटं."

"हो."

"आन् माजा नंबर तुमच्याकडं व्हता."

मी हो म्हणालो. त्यानं हेल्मेट घातलं, किक मारली आणि एमआयडीसीच्या रस्त्यानं गेला. माफ केलं असं म्हणाला नाही. म्हणायचं कारणही नव्हतं.

परतीच्या एसटीत सारजा खिडकीशी बसली होती. निम्मं अंतर गेल्यावर बोलली. "लिंब तोडायचा न्हाय. तुमचं मापच हलवा."

"तू मला विचारलं का नाहीस? भोकाचं?"

"तुमी सांगताय का, ते बगत व्हते."

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

पाऊस ३६ मि.मी.

बुधवारी पर्जन्यमापक खळ्यावर हलवला. सगळ्या बाजूंनी पावलं मोजली, लिंब आता नव्वद फुटांवर आहे. डब्याशेजारी तो बसवला.

रात्री अवेळी पाऊस झाला. सकाळी आम्ही दोघं बरोबरच गेलो. तिनं काडी बुडवली, दोन बोटं. मी मोजपात्र डोळ्यांसमोर धरलं, छत्तीस. दोन्ही आकडे नेमके जुळले तेव्हा तिनं काडी झटकून टाकली आणि घरात गेली.

अविराजच्या झाडांना नवी पालवी आली आहे. मी खळ्यावरूनच त्याला फोन लावला. वाजत राहिला, मग उचलला.

"अविराज, छत्तीस मिलिमीटर झाला."

मागं कारखान्याचा आवाज येत होता.

"काकूंचा निरोप आलाय मगाशीच. दोन बोटं."

"बरोबर आहे."

"निघतोच हाय मी." फोन ठेवेल असं वाटलं. मग म्हणाला, "तरी बी सांगत जावा."

घरात आलो. सारजाचे हात करंजीच्या पिठात होते. मानेनंच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे खूण करून म्हणाली, "आजचं तुमी लिवा." पेन्सिल सुतळीला बांधलेली असते. अठरा तारखेच्या कोपऱ्यात '२ बो' लिहिलं. वरची जागा रिकामी होती, तिथं दूध लिहायचं असतं. आपल्या घरी सकाळचं दूध किती निघतं, ते मला माहीत नव्हतं. विचारलं.

"आठ लिटर," ती म्हणाली. "एकतीस वर्सांत आज इचारलंत."